बाळंतशेपा की च्युइंगम? नाकातल्या गंधग्राहींबद्दल

गंधपट्टी | सोम, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गेली एकवीस वर्षं मी सुगंधी तेलांच्या एका कारखान्यात माल तपासायला बसतो. ड्रम आला की एक थेंब यंत्रात आणि एक थेंब कागदाच्या पट्टीवर, माझ्या नाकाखाली. यंत्र लाखांचं आहे, नाक आईवडिलांनी फुकट दिलेलं. दोघांचं भांडण झालं की मालक अजून नाकाच्या बाजूने निकाल देतात.

गेल्या महिन्यात एक मुलगी शिकाऊ म्हणून आली. नुकतीच एमएस्सी झालेली, यंत्रावर भलताच विश्वास. तिला मी नावं झाकून दोन तपकिरी बाटल्या दिल्या. तिने दोन्ही नमुने यंत्रात घातले. आलेखावर दोन्हींचं टोक त्याच मिनिटाला, त्याच जागी. "सर, दोन्ही एकच आहे." मग मी पट्ट्या बुडवून हातात दिल्या. पहिली हुंगून म्हणाली, "बाळंतिणीची खोली." दुसरी हुंगली, गप्प बसली, परत पहिली हुंगली. "ही तर पुदिन्याचं च्युइंगम! सर, यंत्र बिघडलंय का?"

यंत्र ठणठणीत होतं. दोन्ही बाटल्यांत कॅरव्होन होतं. १० कार्बन, १४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, उकळायचं तापमानही दोन्हींचं एकच. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे, डावा हात आणि उजवा हात असतात तसा. एक बाळंतशेपात आणि शहाजिऱ्यात असतो, दुसरा आपल्या चटणीच्या पुदिन्यात. आमच्या यंत्रातल्या साध्या कॉलमला (नमुन्यातले घटक वेगळे करणारी नळी) हा फरक दिसत नाही, त्यासाठी वेगळा महागडा कॉलम लावावा लागतो. पोरीच्या नाकाला तो दोन सेकंदांत दिसला.

का दिसला? कारण नाकात जे रेणू पकडायला बसलेत ते स्वतः प्रथिनं आहेत, आणि प्रथिनांना डावं-उजवं असतं. डाव्या हाताच्या मोज्यात उजवा हात घालून बघा. जातो, पण अंगठा अडतो.

हे मोजे म्हणजे गंधग्राही, इंग्रजी वळणाने रिसेप्टर. नाकपुडीतून बरंच वर, दोन डोळ्यांच्या मधोमध छपराला एक पिवळसर पातळ अस्तर असतं. त्यात लाखो मज्जापेशी खाली तोंड करून बसलेल्या, आणि प्रत्येकीचे केस शेंबडात सोडलेले. (शेंबूड शब्दाला नाक मुरडू नका. वासाच्या रेणूला आधी त्यात उतरावंच लागतं. सर्दीत वाट तुंबली की वरणही पाण्यासारखं लागतं ते म्हणूनच.) गंधग्राही त्या केसांच्या पातळ आवरणात शिवलेले असतात. प्रथिनाचा लांब दोरा आवरणातून सात वेळा आतबाहेर जातो, साडीच्या फॉलला धावदोरा घालतो ना, तसा. सात टाक्यांच्या मधे एक खळगा तयार होतो आणि रेणू बसतो तो त्या खळग्यात.

हे प्रथिनांचं कुटुंब सापडलं १९९१ मध्ये. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल, न्यूयॉर्क, आणि नाक उंदराच्या मोठ्या भावाचं, म्हणजे रॅटचं. बकबाईंची युक्ती मला फार आवडते. त्यांनी नाकाच्या अस्तरातून एका मापाचे जनुकांचे तुकडे वेगळे काढले आणि त्यांच्यावर रासायनिक कात्री चालवली. एकच जनुक असता तर कापलेल्या तुकड्यांची बेरीज मूळ मापाइतकी भरली असती. ती भरली त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एकाच मापाच्या गठ्ठ्यात कितीतरी वेगवेगळे जनुक एकमेकांना चिकटून बसले होते. पहिल्याच निबंधात १८ निघाले. पुढे उंदरात हजाराच्या वर मोजले गेले, माणसात चालू स्थितीतले साधारण ४०० आणि त्याहून जास्त बंद पडलेले. २००४ चं नोबेल या दोघांना मिळालं.

रेणू खळग्यात बसला की प्रथिन जरासं वळतं. आतल्या बाजूला जी-प्रथिन म्हणून एक निरोप्या चिकटलेला असतो, तो सुटतो आणि एका विकराला (एन्झाइमला) जागं करतो. तो विकर सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तयार करत सुटतो. त्याने आवरणातली दारं उघडतात, बाहेरचं सोडियम नि कॅल्शियम आत घुसतं. आता यातली गंमत. आलेलं कॅल्शियम आणखी एक दार उघडतं आणि त्यातून क्लोराइड बाहेर पडतं. शरीरातल्या बहुतेक मज्जापेशींत क्लोराइड आत शिरून पेशीला शांत करतं. इथे पेशीने ते आधीच आत साठवून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते बाहेर गेलं की पेशी अजूनच पेटते. बारीकशा सुरुवातीची अशी मोठी आरोळी होते, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत.

तेच कॅल्शियम मग उलटून दारंही आवळून घेतं. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, पाहुण्यांना येतो. त्याची सुरुवात इथेच होते, पुढचं काम मेंदू करतो.

मुख्य मुद्दा मात्र वेगळाच. एका पेशीत गंधग्राहीची एकच जात असते. पण "ही पुदिन्याची पेशी, ही गुलाबाची" असं काही नसतं. एक जात बऱ्याच रेणूंना कमी-जास्त प्रतिसाद देते आणि एक रेणू बऱ्याच जातींना चाळवतो. वास म्हणजे कोणकोणत्या जाती पेटल्या त्यांची यादी. बक आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांच्या एकेका पेशीवर हे दाखवलं. ऑक्टॅनॉलला संत्र्यासारखा वास आहे. त्याचं एक टोक बदलून ऑक्टॅनॉइक आम्ल करा, घामट खवट वास येतो. साखळी तेवढीच, पण पेटणाऱ्या पेशींची यादी बदलली. मात्रा वाढवली तरी यादी बदलते. मोगऱ्यात इंडोल असतं. चिमूटभर असेपर्यंत गजरा, वाढलं की गटार.

आणि ही यादी तुमची नि माझी सारखी नसते. त्यावर लिहायचंय, पण उद्या सकाळची पाळी आहे.

---

निमूट_वाचक | सोम, रात्री ९:४२

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

शेपूद्वेष्टा | सोम, रात्री १०:०५

अखेर माझ्या नावाला साजेसा धागा निघाला. घरात शेपूची भाजी झाली की मी गॅलरीत जेवतो. बायको म्हणते नखरे, आई म्हणते पोटाला चांगली. दादा, हे जनुकीय आहे असं लेखी देता का? फ्रिजवर लावतो.

---

गंधपट्टी | मंगळ, दुपारी ४:३०

लेखी देत नाही, पण बचावाचं साहित्य पुरवतो.

आधी एक खुलासा. शेपूच्या पानाचा वास आणि बाळंतशेपाचा वास वेगळे. बियांमध्ये कॅरव्होनचं राज्य, पानात फेलँड्रिन वगैरे मंडळी. त्यामुळे बाळंतशेपा आवडणारा माणूस भाजीला नाक मुरडू शकतो, त्यात विसंगती काही नाही.

आता साहित्य. ॲन्ड्रोस्टेनोन नावाचा रेणू नर डुकराच्या लाळेत असतो आणि माणसाच्या घामातही सापडतो. हा हुंगायला दिला की काहींना घाण मुतारीचा वास येतो, काहींना गोडसर, व्हॅनिलासारखा, आणि काहींना कसलाच नाही! बाटली तीच. २००७ मध्ये न्यूयॉर्कला ३९१ लोकांना वेगवेगळे वास हुंगायला देऊन त्यांचे जनुक तपासले. ओआर-७-डी-४ या गंधग्राहीची एक प्रचलित आवृत्ती आहे, आणि दुसरी अशी जिच्यात प्रथिनाच्या माळेतले फक्त दोन मणी (अमिनो आम्लं) बदललेत. दुसरी आवृत्ती ॲन्ड्रोस्टेनोनला जवळपास दाद देत नाही. ज्याच्या दोन्ही प्रती तशा, त्या माणसाला तो वास सौम्य आणि कमी किळसवाणा वाटतो. तिथे "तुझं नाक खोटं बोलतंय" म्हणायची सोय उरत नाही.

कोथिंबिरीचंही असंच सांगतात, पण तिथे जरा हात आखडता घ्यावा. २०१२ मध्ये एका अमेरिकी जनुकचाचणी कंपनीच्या हजारो ग्राहकांमध्ये पाहिलं तेव्हा "साबणासारखी लागते" म्हणणाऱ्यांत ओआर-६-ए-२ या गंधग्राहीच्या शेजारी एक फरक जास्त सापडला. कोथिंबिरीतली अल्डिहाइडं त्याला चांगली चाळवतात. पण परिणाम लहान आहे. लहानपणापासून रोज पोह्यांवर पडत आलेली कोथिंबीर नावडणारं माणूस आपल्याकडे तसंही दुर्मिळच. सवय ही फार दांडगी गोष्ट.

तेव्हा गॅलरीत जेवा, पण फ्रिजवर काही लावू नका.

---

काडीपेटी | मंगळ, सायं ६:१५

छान लिहिलंय, पण हे कुलूप-किल्लीचं पुराण आता जुनं झालं असं वाचलं होतं. नाक रेणूचा आकार बघत नाही, त्याची कंपनं ऐकतं. क्वांटम वगैरे. ल्युका ट्युरिन नावाचा माणूस १९९६ पासून सांगतोय. हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवला की आकार तोच राहतो पण कंपनं बदलतात, आणि माश्यांना तो फरक कळतो म्हणे. यावर काय म्हणणं आहे?

(काडी टाकून चहा प्यायला गेलो.)

---

गंधपट्टी | मंगळ, रात्री ९:२०

चहा होऊ द्या. उत्तर पहिल्याच लेखात बाटलीत भरून ठेवलंय.

डावं आणि उजवं कॅरव्होन आरशातली रूपं आहेत, त्यामुळे त्यांची कंपनं अगदी सारखी. कंपनं मोजणाऱ्या आमच्या इन्फ्रारेड यंत्रावर दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसते. नाक कंपनं ऐकत असतं तर शिकाऊ मुलीला दोन्हींत बाळंतिणीची खोलीच दिसली असती.

जड हायड्रोजनबद्दल: कस्तुरीचा मुख्य रेणू मस्कोन, १५ कार्बनांची कडी. माणसाचा ओआर-५-ए-एन-१ हा गंधग्राही त्याला चांगला प्रतिसाद देतो. २०१५ मध्ये एका गटाने साधं मस्कोन आणि जड हायड्रोजनवालं मस्कोन, दोन्ही या गंधग्राहीवर सोडून पाहिली. त्याने काडीचाही फरक केला नाही.

आणि आता तर खळगाही बघून झालाय. २०२३ मध्ये ओआर-५१-ई-२ या मानवी गंधग्राहीचं, रेणू आत बसलेला असतानाचं चित्र निघालं, गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावून. आतला रेणू होता प्रोपियोनेट, चीजच्या आंबूस वासातला. खळगा इतका लहान की छोटी आम्लंच मावतात. खळग्याच्या भिंतीतला एखादा जाडा मणी काढून बारीक बसवला तर लांब साखळीची आम्लंही बसायला लागली. म्हणजे शिंप्याने कंबर सैल केली. गंधग्राही सापडल्यापासून त्याचा फोटो निघेपर्यंत ३२ वर्षं गेली, कारण ही प्रथिनं प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींत धड तयारच होत नाहीत. आवरणापर्यंत पोचायच्या आधीच पेशीच्या पोटात अडकतात.

---

काडीपेटी | मंगळ, रात्री १०:०२

कॅरव्होनचा मुद्दा बिनतोड. काडी विझली. कुलूप-किल्ली मात्र म्हणू नका, एका कुलपाला पन्नास किल्ल्या लागत असतील तर त्याला कुलूप कोण म्हणेल.

दुसरी काडी: कुत्र्याला माणसाच्या लाखपट वास येतो हे खरं की व्हॉट्सॲप?

---

गंधपट्टी | बुध, सकाळी ७:०५

हे मान्य, म्हणूनच मी मोजा म्हणालो होतो. तोही पुरेसा सैल नाही.

कुत्र्यात चालू गंधग्राही साधारण ८००, आपल्या दुप्पट. आफ्रिकी हत्तीत जवळपास २०००, सस्तन प्राण्यांत मोजलेल्यांत सगळ्यात जास्त. उलट डॉल्फिनने हे खातं जवळजवळ बंदच केलंय, पाण्यात श्वास न घेता हुंगायचं काय? पण जाती किती यावर तिखटपणा ठरत नाही. कुत्र्याचं अस्तर मोठं, आत हवा वळवायची रचना वेगळी, आणि मुख्य म्हणजे तो दिवसभर नाक जमिनीला लावून असतो. २००७ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांना डोळे-कान बांधून गवतावर रांगायला लावलं, गवतात चॉकलेटचा वास लावलेली दोरी. दोन-तृतीयांश मुलांनी माग काढला, अगदी कुत्र्यासारखे नागमोडी जात. सरावाने वेगही वाढला. आपण उभे राहिलो आणि नाक पाच फूट वर गेलं, एवढंच.

---

मोहफूल | बुध, दुपारी १:१२

नमस्कार. मी चंद्रपूरचा, जंगलात गाईड म्हणून जातो. प्रश्न नाही जी, अनुभव आहे. वाघ झाडाच्या बुंध्यावर मागे फवारा मारतो. ताजा असला की पाहुण्यांना आधी उग्र वास येतो, नाक दाबतात. थोडं थांबलं की कोणीतरी हमखास म्हणते, "इथे कोणी भात शिजवते का?" पहिल्यांदा मला वाटलं भुकेने म्हणतात. आता मीच विचारतो, कशाचा वास आला सांगा. दहातले पाच-सहा जण भातच म्हणतात. हे काय प्रकरण आहे?

---

गंधपट्टी | बुध, रात्री ८:५०

मोहफूल भाऊ, या धाग्यातला हा सगळ्यात सुंदर प्रतिसाद. तुमच्या पाहुण्यांना भूक लागलेली नसते. तो वास भाताचाच आहे!

बासमती, आंबेमोहोर या तांदळांचा वास ज्या रेणूमुळे येतो त्याचं नाव २-ॲसिटिल-१-पायरोलिन. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या त्या फवाऱ्यावर कित्येक वर्षं काम केलं आणि १९९० मध्ये सांगितलं की हाच रेणू त्यात आहे. फवाऱ्यात लघवीबरोबर चरबीही असते, ती वास धरून ठेवते. अत्तरवाले चंदनतेल वापरतात त्याच कामाला. आधीचा उग्रपणा अमोनियासारख्या हलक्या मंडळींचा. ती उडून जातात आणि मागे भात उरतो. आणि तुम्ही नाव काय घेतलंय? मोहाच्या फुलांतही तोच रेणू निघाला, पुन्हा ब्रह्मचारींकडेच.

आमच्या मुळशीकडच्या आंबेमोहोराला हा वास येतो तो एका मोडलेल्या जनुकामुळे. साध्या तांदळात एक विकर कच्चा माल दुसरीकडे वळवून टाकतो. सुवासिक तांदळांत तो विकर बिघडलेला असतो, कच्चा माल साचतो आणि त्याचा हा रेणू बनतो. पाण्यात अब्जात एक भागाहूनही कमी असला तरी माणसाला कळतो.

गंधग्राहींच्या दृष्टीने यात नवल नाही. त्यांना वाघ ठाऊक नाही, तांदूळ ठाऊक नाही. रेणू आला, पेशी पेटल्या, यादी वर गेली. खाली जंगल आहे की स्वयंपाकघर हे मेंदूने डोळ्यांना विचारून ठरवायचं.

---

वेंगुर्लेकरीण | गुरु, सकाळी ११:२०

बाबा रे, वाघ-बिघ पुरे. माझा प्रश्न रोजचा आहे. बांगडे साफ केले की हाताचा वास साबणाने जात नाही, चिंचेच्या कोळाने जातो. सासूबाई तर मासळीला चिंच नाहीतर कोकम लावून ठेवल्याशिवाय चुलीवर चढवतच नसत. हे चवीसाठी की वासासाठी? आणि मुलगा नागपूरला असतो तिथे तो रोहू आणतो, त्याला आमच्या मासळीचा वास नाही, चिखलाचा येतो. तोही चिंचेने कमी होतो म्हणतो. दोन्ही वास एकच का?

---

गंधपट्टी | गुरु, रात्री ९:३३

काकू, दोन वास पूर्ण वेगळे, औषध योगायोगाने एकच.

समुद्रात मीठ जास्त, त्याला तोंड द्यायला समुद्रातले मासे अंगात एक बिनवासाचं रसायन साठवतात. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात. तो तुमचा मासळीचा वास. हा रेणू अल्कलीसारखा आहे. चिंच, कोकम, लिंबू यांतलं आम्ल भेटलं की त्याचं क्षार बनतं, आणि क्षार हवेत उडत नाहीत. जे उडत नाही ते नाकापर्यंत येत नाही. तुमच्या सासूबाई शुद्ध रसायनशास्त्र करत होत्या. साबण मात्र अल्कधर्मी, त्याने उलट वास मोकळा होतो.

रोहू गोड्या पाण्यातला, त्याला ते साठवण्याची फारशी गरज नाही. त्याचा चिखलाचा वास जिओस्मिनचा, तळ्याच्या गाळातले सूक्ष्मजीव ते बनवतात. पहिल्या पावसाच्या मातीचा वास तोच. मातीतून आला की आपण कविता करतो, माशातून आला की ताट सरकवतो. आम्लात जिओस्मिनचा रेणू मोडून बिनवासाचा होतो. तेव्हा चिंच बांगड्यात वासाला बांधून ठेवते आणि रोहूत त्याचा रेणूच मोडते.

गंधग्राहींच्या बाजूने बघितलं तर मासळीच्या वासाला वेगळं खातंच आहे. १९९१ च्या कुटुंबापेक्षा निराळं, टार नावाचं लहान कुटुंब, २००६ मध्ये बक यांच्याच प्रयोगशाळेत नाकात सापडलं. त्यातला टार-५ ट्रायमिथिलअमाइनला प्रतिसाद देतो. २०२० मध्ये आइसलँडच्या ११,००० हून अधिक लोकांचा अभ्यास झाला. ज्यांचा टार-५ बिघडलेला होता त्यांना मासळीचा वास कमी आला, आणि काहींनी तर त्याला कॅरमल किंवा गुलाब म्हटलं. असा जावई मिळाला तर घाटावरचा असला तरी चालेल!

---

वेंगुर्लेकरीण | गुरु, रात्री ९:५५

घाटावरचा आहे. आणि सुकट भाजली की घर सोडून जातो. टार का काय तो त्याचा अगदी शाबूत आहे.

---

दुपारचा_चहा | शुक्र, दुपारी ३:४०

जरा गंभीर विचारते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. वास पूर्ण गेला, तीन आठवड्यांनी थोडा आला. जुलैमध्ये एक दिवस कांद्याची फोडणी घातली आणि जळक्या रबरात काहीतरी सडल्यासारखा वास आला. मला वाटलं तेल खराब झालंय. दुसऱ्या दिवशी कॉफी तशीच, मग लसूण. टूथपेस्टसुद्धा. जवळजवळ आठ महिने दही-भात आणि केळी यांवर काढले. घरचे म्हणायचे, "अगं किती छान वास सुटलाय." मला रडू यायचं. आता बरं आहे, पण कॉफी अजून आधीसारखी नाही. हे सगळं त्या गंधग्राहींचंच का?

---

कान_नाक_घसा | शुक्र, रात्री १०:१५

ताई, मी याच विषयाचा डॉक्टर आहे, मिरजेकडचा. तेव्हा असे रुग्ण रांगेने आले. बऱ्याच जणांना "मनाचे खेळ आहेत" असं ऐकवलं गेलं होतं, त्याचं वाईट वाटतं.

विषाणूला पेशीत शिरायला जे दार लागतं ते वासाच्या मज्जापेशींवर जवळजवळ नसतं. ते असतं त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर. त्या मेल्या की अस्तराची घडी विस्कटते. शिवाय भोवतालच्या दाहामुळे मज्जापेशी आपले गंधग्राही बनवणंच कमी करतात, असं २०२२ मध्ये दिसून आलं. पेशी जिवंत, पण दुकान बंद. आधारपेशी लवकर भरून येतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला.

जिथे मज्जापेशीही मेल्या तिथे नव्या उगवाव्या लागतात. या पेशींचं वैशिष्ट्य हे की त्या आयुष्यभर नव्याने तयार होतात. एका जातीच्या गंधग्राहीच्या सगळ्या पेशींच्या तारा मेंदूच्या तळाशी गंधकंदात ठरलेल्या एक-दोन गाठींवरच जाऊन मिळतात. नव्या पेशीची तार त्या गाठीपर्यंत पोचायला वेळ लागतो, काही चुकतात, काही जाती आधी परततात, काही मागाहून. म्हणजे दादांच्या भाषेत यादी अर्धवट वर जाते, आणि अर्धवट यादीचा मेंदू भलताच अर्थ लावतो. कॉफी, कांदा, लसूण यांवरच गदा का? रेडिंग विद्यापीठात कॉफीचे घटक एकेक करून अशा रुग्णांना हुंगवले, तर सगळ्यात जास्त वेळा किळस आणणारे निघाले गंधकवाले रेणू. ते अगदी कणभर असले तरी जाणवतात, त्यामुळे पांगळ्या नाकातही पहिले तेच घुसतात.

कॉफीसाठी अजून करून बघा: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास वीसेक सेकंद, लक्ष देऊन, किमान १२ आठवडे. २००९ मध्ये ड्रेस्डेनला हुमेल यांनी ही पद्धत तपासली. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण नुकसान काही नाही.

---

दुपारचा_चहा | शुक्र, रात्री १०:४०

डॉक्टर, आभार. "दुकान बंद" हे त्यावेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणखी एक: त्या दिवसांत गॅस उघडा राहिला होता आणि मला काहीच कळलं नाही. शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं.

---

गंधपट्टी | शनि, सकाळी ८:२५

ताई, वाचून काटा आला. वास गेलेल्यांच्या घरी गॅसचा अलार्म लावावाच.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. तोही गंधकवालाच. अशा लहान गंधकी रेणूंसाठी माणसात ओआर-२-टी-११ नावाचा गंधग्राही आहे आणि तो तांब्याशिवाय नीट चालत नाही, असं २०१६ मध्ये दाखवलं गेलं. तांब्याचा आयन खळग्यात बसतो आणि गंधक तांब्याला घट्ट धरतं. देवघरातलं तांब्याचं तबक काळं पडतं ना, त्या काळेपणात गंधकाचाही हात असतो. तीच ओढ नाकाने कामाला लावलीये.

---

निमूट_वाचक | शनि, सकाळी ९:१०

पहिल्यांदाच वाचनखूण साठवली. शिकाऊ मुलीचं पुढे काय झालं?

---

गंधपट्टी | शनि, सकाळी ९:३०

आहे. परवा तिने न सांगता माझ्यापुढे दोन पट्ट्या ठेवल्या, दोन्ही एकाच बाटलीतल्या. मी पाच मिनिटं हुंगून त्यांच्यात फरक सांगितला.

---

वेंगुर्लेकरीण | रवि, दुपारी २:१५

आज नातीवर प्रयोग केला. आठ वर्षांची आहे. डोळ्यांना रुमाल बांधला. कुस्करलेला पुदिना दिला, म्हणाली, "पाणीपुरी." मग बाळंतशेपा चुरडून दिला. थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "आजी, तुझ्या कपाटाचा वास."

मी म्हटलं कपाटात कशाला मी बाळंतशेपा ठेवीन. ती हट्टाने घेऊन गेली. लुगड्यांच्या मागे, खालच्या कप्प्यात, फडक्याची पुरचुंडी निघाली. हिच्या आईच्या बाळंतपणाला आणलेला, उरला तसा मीच बांधून ठेवला असणार. आठ वर्षं झाली, मला तर कधी वास आला नाही.